आईची चुंबळ

आई माघात गेली. तेराव्याच्या पंगतीत दिंडीच्या विणेकरी बाबांनी विचारलं, "आषाढीला तिच्या जागेवर कोण येणार?" मला रागच आला. आई जाऊन पुरते पंधरा दिवस नाहीत आणि यांना जागेची पडलीय.

आई एकोणीस वर्षं आळंदीहून चालत गेली. माझी वारी हडपसरपर्यंतची. तिला बिस्किटांचे पुडे आणि गुडघ्याचं मलम द्यायचं आणि ऑफिस गाठायचं. यंदा मात्र भिशी, म्हणजे दिंडीच्या खर्चाची वर्गणी, भरली आणि पुण्यात दिंडीत शिरले. का, ते तेव्हा मलाही सांगता आलं नसतं.

दिवे घाटात पाय भरून आले. सांत्वनाचे शब्द ऐकायची मनाची तयारी ठेवली होती, ते कुणी काढलेच नाहीत. आईसोबत चालणाऱ्या आक्कांनी डोक्यावरचं तुळशीवृंदावन उतरवलं आणि पिशवीतून एक चुंबळ काढली, ओझ्याखाली डोक्यावर ठेवायची कापडाची गुंडाळी. हिरव्या लुगड्याची, कडेला पिवळ्या दोऱ्याचे टाके. आईच्या हातचे टाके मला कुठेही ओळखू येतात. "गेल्या साली ट्रंकेत ऱ्हायली तिची. घे. दोन वळणं तू, मग मी." चुंबळीला अजून खोबरेल तेलाचा वास होता. त्या दोन वळणांत मी काही बोलले नाही, बोलता येण्यासारखं नव्हतंच.

सासवडला राहुटीत मधल्या खांबाजवळची जागा मोकळी. आई तिथं झोपायची, रात्री उठावं लागतं म्हणून. मी पथारी टाकली तशी चौघी एकदम बोलायला लागल्या. आई माझी नक्कल करायची म्हणे, "आई, गोळी घेतलीस का? आई, चप्पल नीट घाल!" हसून हसून सगळ्यांचे डोळे पुसून झाले. मला वाटत होतं, आई माझी गेली. तिथं बारा-पंधरा जणींची गेली होती.

नीरेचं स्नान झालं, लोणंद आलं. संध्याकाळी मुक्कामी सगळ्या दिंड्या जमून होणाऱ्या समाजआरतीला पालखीच्या चोपदारांनी दंड उंचावून 'होऽऽ' केलं की सगळे टाळ एका क्षणात गप्प होतात; अंगावर काटा येतो. ज्या दिंडीची तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवतच राहते. चोपदार जाऊन ऐकून घेतात, मग पुढे. सापडलेल्या, हरवलेल्या वस्तूही तिथंच पुकारतात. हा पालखी सोहळा सुरू करणाऱ्या आरफळच्या हैबतबाबांनी घालून दिलेली ही शिस्त, असं आई सांगायची. त्या दिवशी कुणाचा तरी पाण्याचा टँकर पोचला नव्हता.

परतताना आक्का म्हणाल्या, "माझी बी तक्रार हाय, पर कुणाला सांगू?" गेल्या वर्षी वेळापूरला आईच्या छातीत कळ आली होती. डॉक्टरनं मोठ्या दवाखान्यात दाखवायला सांगितलं होतं. 'पोरीला कळवलंस तर माउलीची आण,' म्हणून तिनं आक्कांचं तोंड बंद केलं.

मी रात्रभर त्यांच्याकडे पाठ करून झोपले. दुसऱ्या दिवशी चांदोबाच्या लिंबाला, वाटेतल्या रिंगणात, माउलींचा अश्व धावला, लोक टापांखालची माती कपाळाला लावायला धावले. मी लांबच उभी राहिले. तरडगावला फोड फुटायच्या बेतात असताना आक्का सुई-दोरा घेऊन समोर बसल्या. पाय मांडीवर घेतला, फोडातून दोरा ओवला, पाणी निथळू दिलं. मान खाली घालूनच म्हणाल्या, "मला बी झोप न्हाई लागत गं. आण मोडली असती तर?"

त्याचं उत्तर माझ्याकडे कुठून असणार? मीही दर रविवारी फोनवर 'बरी आहेस ना' विचारून तिचं 'बरी हाय' खरं मानलंच होतं की. मी त्यांना म्हटलं, दुसरा पाय पण बघा.

पंढरपुरात दर्शनाच्या रांगेला लागलो नाही. आई कळस बघूनच परतायची, आम्हीही तसंच केलं. निघताना विणेकरी बाबांनी भिशीची वही काढली. आईचं नाव तसंच होतं, पुढे फक्त 'लेक' असं लिहिलेलं. "पुढल्या साली नाव बदलू का?"

"नको," आक्काच म्हणाल्या. चुंबळ त्यांनी केव्हाच ट्रंकेत टाकली होती.