देवगडातला पीसी पुण्यातून चालू करताना

आमच्या घरी देवगडात आंब्याचा सगळा हिशोब एका जुन्या पीसीवर आहे आणि तो पीसी खळ्यापलीकडच्या, म्हणजे अंगणापलीकडच्या, आंब्याच्या खोलीत, मी पुण्यात. काही फाइल लागली की आईला फोन, मग ती छत्री घेऊन खळं ओलांडून जाणार, बटण दाबणार, परत येणार. पावसाळ्यात जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं, गेल्या श्रावणात ती तिथेच घसरली. तेव्हाच ठरवलं की गणपतीला गेलो की हे काम आधी.

पीसी कायम चालू ठेवणं मला पटत नव्हतं, बिल येतंच आणि खाऱ्या हवेने आतले भाग गंजतात ते वेगळंच.

तर वेक ऑन लॅन, म्हणजे बंद पीसी नेटवर्कवरून चालू करायची सोय. पीसी बंद असला तरी लॅन कार्डाला, म्हणजे नेटवर्कची केबल लागते त्या भागाला, थोडी वीज मिळत असते, पोर्टवरचा बारका दिवा लागलेला दिसतो बघा, तेवढ्यावर ते कार्ड मॅजिक पॅकेटची, म्हणजे उठवणाऱ्या एका छोट्या संदेशाची, वाट बघत असतं. पॅकेट म्हणजे सहा वेळा एफएफ हा बाइट आणि मग त्याच कार्डाचा मॅक ॲड्रेस, म्हणजे त्याचा स्वतःचा सहा बाइटचा नंबर, लागोपाठ १६ वेळा, झाले १०२ बाइट. बंद पीसीला आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, नसतो म्हणून ते नेटवर्कवर सगळ्यांनाच पाठवायचं, ज्याचं आहे तो उठतो.

वायफायवर हे बहुतेक ठिकाणी चालत नाही म्हणून पागोळीच्या आतून पाइपमधून केबल ओढली, बाबा शिडी धरून उभे. बायोसमध्ये, म्हणजे पीसीच्या मुळातल्या सेटिंगमध्ये, वेक चालू केलं आणि ईआरपी हे वीजबचतीचं सेटिंग बंद केलं, ते चालू असेल तर कार्डाची ती थोडी वीजपण जाते. तरी पीसी उठेना. अर्धा दिवस गेला माझा, शेवटी कळलं विंडोजचं फास्ट स्टार्टअप, त्यात शटडाऊन केलं तरी मशीन पूर्ण बंद होत नाही आणि पॅकेटला दाद देत नाही. ते बंद केलं नि पहिल्याच पॅकेटला पंखा फिरला. इतका आनंद झाला मला!

असं पॅकेट पुण्यातून थेट जात नाही, राउटर ते आत सोडत नाही. त्यामुळे घरात राउटरशेजारी एक रास्पबेरी पाय, म्हणजे तळहाताएवढा छोटा कॉम्प्युटर, ठेवलाय, मी टेलस्केलने, म्हणजे इंटरनेटवरून घरच्या मशीनशी खाजगी जोडणी करणाऱ्या ॲपने, त्याच्यावर जातो आणि पॅकेट तो पाठवतो. लाइट येते-जाते पण पायला बटण लागत नाही, लाइट आली की आपला आपण सुरू होतो. पीसीचं तसं नाही, लाइट जाऊन आली की कार्ड कधीकधी पॅकेट ऐकतच नाही, म्हणून बायोसमध्ये लाइट आल्यावर आपोआप चालू हो असं ठेवलंय आणि मग मी इथून शटडाऊन करतो.

एक गोष्ट मात्र हाताचीच ठेवली. मे महिन्यात आणि परतीच्या पावसात विजा कडाडतात, आणि खळ्यावरून गेलेली केबल म्हणजे धोकाच. ढग भरून आले की बाबा आधीच जाऊन प्लग आणि केबल दोन्ही काढतात. त्या दिवशी पीसी उठत नाही, मी पण विचारत नाही, आभाळ मोकळं झालं की त्यांचाच मेसेज येतो, "वायर लावली."

निघताना आईने विचारलं, "आता माका पावसात थंय जाऊक नको मां?" म्हटलं, नको गं आई.