शाल्केचं २००१: एका गुणाने हुकलेलं विजेतेपद

जर्मनीच्या रूर भागात शिकायला किंवा नोकरीला येणाऱ्या मराठी मंडळींना इथल्या सहकाऱ्यांशी ओळख वाढवायला फुटबॉलसारखा विषय नाही. पण गेल्सेनकिर्शेनमध्ये राहणार असाल, तर १९ मे २००१ ही तारीख नीट माहीत असायला हवी. त्या दिवशी इथल्या शाल्के ०४ या क्लबचं लीग विजेतेपद हातातोंडाशी येऊन गेलं. त्याआधी ते मिळालं होतं १९५८ मध्ये, आणि त्यानंतर आजवर मिळालेलं नाही.

आधी हिशेब. बुंडेसलीगात, म्हणजे जर्मनीच्या अव्वल लीगमध्ये, १८ संघ आणि प्रत्येकाचे ३४ सामने असतात. जिंकलं तर ३ गुण, बरोबरीला १. गुण सारखे झाले की गोलफरक बघतात, आपल्या क्रिकेटमधल्या नेट रनरेटसारखा. शेवटच्या फेरीआधी बायर्न म्युनिकचे ६२ गुण होते, शाल्केचे ५९; गोलफरकात मात्र शाल्के पुढे. म्हणजे बायर्नला हॅम्बुर्गमध्ये नुसती बरोबरी पुरत होती. शाल्केला स्वतः जिंकायचं होतं आणि बायर्न हरायलाही हवा होता.

शेवटच्या फेरीतले सगळे सामने एकाच वेळी सुरू होतात, म्हणजे दुसऱ्याचा निकाल बघून कुणाला खेळता येऊ नये. सुरुवात एकत्र होते, शेवट मात्र होत नाही. दुखापती, बदली खेळाडू यांत गेलेला वेळ प्रत्येक मैदानावर वेगळा भरून काढतात. पुढचा सगळा घोळ या फरकातून झाला.

शाल्केचा सामना घरच्या पार्कस्टाडियोनवर, उंटरहाखिंगशी. पाहुणे २-० ने पुढे गेले, मध्यंतराला २-२ झाले, मग पुन्हा ३-२ ने पाहुणेच पुढे. तिथून यॉर्ग ब्योमेने दोन मिनिटांत दोन गोल केले, एबे सांडने पाचवा मारला आणि शाल्के ५-३ ने जिंकलं. तेवढ्यात हॅम्बुर्गहून बातमी आली की नव्वदाव्या मिनिटाला सर्गेई बार्बारेझने गोल केला, बायर्न ०-१ ने मागे आहे. त्या घडीला दोघांचे ६२ गुण आणि गोलफरकावर शाल्के अव्वल. लोक मैदानात उतरले, फटाके वाजले. हॅम्बुर्गमधला सामना संपला, असं टीव्हीच्या एका वार्ताहराने सांगितलं आणि ते सगळीकडे पसरलं. सामना संपला नव्हता. मैदानातल्या मोठ्या पडद्यावर हॅम्बुर्गचं थेट चित्र दिसू लागलं, तेव्हा तिथे अजून खेळ चालूच होता.

भरपाईच्या चौथ्या मिनिटाला हॅम्बुर्गच्या टोमाश उयफालुशीकडून चेंडू गोलकीपर माथियास शोबरकडे गेला आणि त्याने तो हाताने उचलला. सहकाऱ्याने मुद्दाम पायाने दिलेला चेंडू कीपरने हातात घ्यायचा नाही, हा नियम १९९२ पासून आहे. शिक्षा म्हणून समोरच्या संघाला अप्रत्यक्ष फ्री किक मिळते: दुसऱ्या कुणाचा तरी स्पर्श झाल्याशिवाय गोल धरत नाहीत. पंच मार्कुस मेर्क यांनी ती दिली. बायर्नच्या एफेनबर्गने चेंडूला हलका स्पर्श केला, स्वीडनच्या पॅट्रिक आंदरसॉनने गर्दीतून सरळ जाळ्यात मारला. १-१. बायर्न ६३, शाल्के ६२. शोबर शाल्केतच घडलेला गोलकीपर, हा तपशील इथे प्रत्येकाला पाठ आहे.

चाहत्यांचा वाद अजून ‘मुद्दाम’ या शब्दावर चालतो. उयफालुशीने चेंडू परत दिला की झटापटीत तो नुसता त्याच्या पायाला लागून गेला? आमच्या मते मेर्क यांचा निर्णय नियमात बसतो, पण एखाद्या सामन्यात तो दिला गेला नसता तरी कुणाला नवल वाटलं नसतं. खरा घाव त्या चुकीच्या बातमीने केला. थेट हॅम्बुर्गचा निकाल कळला असता तर चुटपुट लागली असती. आधी विजेते होऊन मग हरणं फार वेगळं.

जाणते चाहते मात्र बोट ठेवतात ते आदल्या शनिवारवर, १२ मेवर. तेव्हा दोघांचे ५९ गुण होते आणि गोलफरकावर शाल्के पहिलं. श्टुटगार्टमध्ये शाल्केचं ०-० सुरू असताना अगदी शेवटी यजमानांच्या बालाकोवने गोल केला, आणि जवळपास त्याच क्षणी म्युनिकमध्ये झिकलरने कायझर्सलाउटर्नविरुद्ध बायर्नला २-१ ने जिंकवलं. श्टुटगार्टची ती बरोबरी टिकली असती तर शाल्केचे शेवटी ६३ गुण झाले असते, बायर्नचेही ६३, आणि आंदरसॉनच्या गोलनंतरही गोलफरकावर विजेतेपद गेल्सेनकिर्शेनला आलं असतं. हा हिशेब तुम्ही स्वतःहून मांडलात, तर समोरचा माणूस तुम्हाला लगेच खुर्ची सरकवून देईल.

‘लोकांच्या मनातले विजेते’ हे बिरुद शाल्केला तेव्हापासून चिकटलं. ते कौतुक म्हणून वापरताना जपून, बऱ्याच जणांना ते सांत्वन नको असतं. २००७ चा विषय तर आपण काढूच नये: तेव्हाही दोन फेऱ्या उरल्या असताना शाल्के आघाडीवर होतं आणि हरलं ते कट्टर प्रतिस्पर्ध्यांच्या डॉर्टमुंडमध्ये, २-० ने. काही शाल्केवाले त्या शहराचं नावसुद्धा घेत नाहीत.

उलट २६ मे २००१ जरूर आठवा. त्या धक्क्यानंतर आठवड्याभरात याच संघाने बर्लिनमध्ये उनिओन बर्लिनला २-० ने हरवून जर्मन कप जिंकला. दोन्ही गोल ब्योमेचे. इतकं मोडल्यावर सात दिवसांत उभं राहणं सोपं नव्हतं, आणि बाहेरचे लोक ते सहसा विसरतात.