भू-औष्णिक प्रकल्पाची जनसुनावणी: हरकत नोंदवण्याचा माझा अनुभव

आमच्या वस्तीजवळ होऊ घातलेल्या भू-औष्णिक (जमिनीखालच्या उष्णतेपासून ऊर्जा मिळवणाऱ्या) प्रकल्पावर हरकती व सूचना मागवण्यात आल्या होत्या. ती सगळी प्रक्रिया मी पूर्ण केली. मात्र अर्ज स्वीकारणाऱ्या कार्यालयातल्या एका टेबलावर जे घडले त्याचा राग अजून निवलेला नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. मी प्रकल्पाच्या विरोधात नव्हते आणि आजही नाही. ऊन किंवा वारा असो-नसो, रात्रंदिवस मिळणारी ऊर्जा मला हवीच आहे. परंतु ज्या जमिनीत काही किलोमीटर खोल छिद्र पाडायचे, त्या जमिनीवर राहणाऱ्यांना आधी नीट सांगितले पाहिजे, एवढेच माझे म्हणणे होते.

माहितीसभा व्यवस्थित पार पडली. एका विहिरीतून गरम पाणी वर आणायचे, त्याची उष्णता काढून घ्यायची आणि तेच पाणी दुसऱ्या विहिरीतून पुन्हा खाली सोडायचे, हे तेथील अभियंत्यांनी नकाशावर चांगले समजावले. प्रकल्पाचा अहवालही वाचायला मिळाला. त्यावरून मी माझे मुद्दे लिहून काढले आणि अर्ज घेऊन गेले.

संबंधित लिपिकांनी अर्ज वाचला, लाल पेन उचलले आणि त्यातल्या प्रत्येक प्रश्नचिन्हाभोवती गोल केला. "मॅडम, हे सगळे प्रश्न आहेत. इथे फक्त हरकती आणि सूचना घेतल्या जातात." प्रश्न कोठे विचारायचे, असे विचारल्यावर ते म्हणाले की माहितीसभेत विचारायचे होते. माहितीसभेत मात्र अहवाल हातात दिलेला नव्हता. तो त्यानंतर उपलब्ध झाला. जे वाचलेच नव्हते त्यावर प्रश्न कसा विचारणार, हे मी त्यांना आणि नंतर त्यांच्या वरिष्ठांनाही शांतपणे सांगितले. वरिष्ठांनी कंपनीकडे जायला सांगितले, कंपनीच्या जनसंपर्क विभागाने सर्व उत्तरे कार्यालयामार्फतच दिली जातील असे कळवले, आणि मी पुन्हा त्याच टेबलासमोर उभी राहिले. मुदत संपत चालली होती. छापील नमुन्यात "समर्थन" आणि "विरोध" असे दोनच चौकोन होते, त्यामुळे अटींसह संमती देणाऱ्या माणसाला खूण करायला जागाच नव्हती. ज्याला प्रकल्प हवा आहे आणि सुरक्षितही हवा आहे, त्याला विरोधकांच्या रांगेत ढकलणारी ही रचना आहे, आणि माझ्या मते प्रकल्पाचेच सर्वाधिक नुकसान ती करते.

शेवटी मी घरी बसून प्रत्येक प्रश्न हरकतीच्या साच्यात बसवला. ज्यांना पुढे हे करावे लागेल त्यांच्यासाठी पद्धत सांगते. आधी अहवालातील उणीव पृष्ठक्रमांकासह लिहावी, मग त्या उणिवेमुळे होणारा धोका, आणि शेवटी मागणी. "भूकंप झाला तर काय?" असे मी विचारले होते. त्याऐवजी लिहिले की, कोणत्या तीव्रतेच्या धक्क्याला पाणी सोडणे थांबवणार ती मर्यादा अहवालात नमूद नाही. ती नमूद होईपर्यंत मंजुरी देऊ नये. उदाहरण म्हणून स्वित्झर्लंडमधील बासेल शहरातल्या अशाच प्रकल्पाचे दिले. तेथे डिसेंबर 2006 मध्ये सुमारे पाच किलोमीटर खोल विहिरीत दाबाने पाणी सोडल्यावर धक्के वाढत गेले, पाणी सोडणे थांबवण्यात आले, आणि थांबवल्यानंतर काही तासांनी 3.4 तीव्रतेचा धक्का बसला. धक्के वाढतील तसे पाणी सोडणे कमी करायचे किंवा थांबवायचे, अशी वाहतूक-दिव्यांसारखी रंगांची इशाराप्रणाली तेथे होतीच. म्हणजे लाल दिव्याची मर्यादा पुरेशी खाली ठेवली पाहिजे, कारण पंप बंद केल्याबरोबर खडकातला दाब ओसरत नाही. दक्षिण कोरियातील पोहांग येथे 2017 मध्ये 5.5 तीव्रतेचा भूकंप झाला आणि सरकारने नेमलेल्या अभ्यासगटाने 2019 मध्ये त्याचा संबंध भू-औष्णिक विहिरींशी जोडला, हेही मी लिहिले. दोन्ही ठिकाणी खडकात भेगा पाडण्यासाठी मुद्दाम दाब दिला होता. आपल्याकडचा प्रकल्प त्या प्रकारचा आहे की नैसर्गिक गरम पाण्याच्या साठ्यावर चालणारा, हे सर्वांत आधी तपासावे; धोक्याचे स्वरूपच त्यावर ठरते.

नव्याने लिहिलेला अर्ज त्याच टेबलावर त्याच लिपिकांनी स्वीकारला. मजकुरातली काळजी तीच होती, फक्त प्रश्नचिन्हे गेली होती. पोच घेताना आवक क्रमांक आणि तारीख शिक्क्यात स्पष्ट उमटली आहे का, हे तिथल्या तिथे पाहावे. माझ्या पहिल्या पोचेवर तारीख पुसट होती. ती मी पुन्हा मारून घेतली आणि सुनावणीत तिचा उपयोग झाला.

जनसुनावणीत बोलायला थोडाच वेळ मिळतो. मी तेथे स्वित्झर्लंडमधील सांक्ट गालेन शहरातल्या भू-औष्णिक प्रकल्पाचा दाखला दिला. त्या शहरात 2010 मध्ये मतदारांनी प्रकल्पाला मोठ्या बहुमताने मान्यता दिली होती, आणि 2013 मध्ये 3.5 तीव्रतेचा धक्का बसल्यावरही लोक एकदम उलटले नाहीत. आधीपासून विश्वासात घेतल्याचा तो परिणाम होता, असे मला वाटते. बोललेले सर्व इतिवृत्तात आले आहे का, हे मसुदा मागवून तपासावे. माझे एक वाक्य गळले होते, ते लेखी कळवून घालून घेतले.

मंजुरीच्या आदेशात धक्क्यांची मर्यादा अट म्हणून आली आहे आणि खोदाईपूर्वीपासूनच्या कंपनांची व भूजलाची मोजमापे सर्वांना पाहता येतील असेही त्यात म्हटले आहे. ते वाचताना मला खरोखर अभिमान वाटला. नुकसानभरपाईच्या मुद्द्यावर मात्र "नोंद घेण्यात आली" एवढेच उत्तर आहे. त्यावर मी पुन्हा लेखी विचारणा केली आहे.

आधी सांगायला हवी होती अशी एक गोष्ट राहिली. खोदाई सुरू होण्यापूर्वी आपल्या घराच्या भिंती, पाया आणि विहिरीची पाणीपातळी यांची तारखेसह छायाचित्रे काढून ठेवावीत आणि कंपनीच्या प्रतिनिधीची त्यावर सही घ्यावी. जर्मनीतील श्टाउफेन येथे 2007 मध्ये नगरभवन जमिनीतल्या उष्णतेने गरम करण्यासाठी केवळ 140 मीटर खोलीची छिद्रे पाडली गेली, पाणी अ‍ॅनहायड्राइटच्या (एका खनिजाच्या) थरात शिरले, पाण्यामुळे त्या खनिजाचे जिप्सम होऊन जमीन फुगली आणि अडीचशेहून अधिक इमारतींना तडे गेले. तडा आधीचा की नंतरचा, हे ठरवायची वेळ आली तर अशी छायाचित्रेच कामी येतील.