पतसंस्थेतून पांडवलेणीपर्यंत : प्राचीन इतिहास आणि प्राकृत शिकण्याचा माझा अनुभव

बी.कॉम. झाल्यावर नाशिकमधल्या एका पतसंस्थेत मी काही वर्षं ठेवींचं काम पाहिलं आणि मग नोकरी सोडून पुण्याला प्राचीन भारतीय इतिहासात एम.ए. करायला गेले. सोबत प्राकृतचे वर्गही लावले. तेव्हा घरच्यांचा, ऑफिसातल्यांचा पहिला प्रश्न एकच होता, ‘पुढे काय?’ आता जी मुलंमुली मला फोन करतात त्यांचाही तोच असतो. त्याचं उत्तर देईनच, पण आधी हा अभ्यास आतून कसा असतो ते सांगावंसं वाटतं. प्रवेश घेण्याआधी मला ते कुणी सांगितलं नव्हतं.

प्रवेशाचं फार काही नाही. मी निवडलेल्या अभ्यासक्रमाला कोणत्याही शाखेचा पदवीधर चालत होता. बी.ए.ला इतिहास घेतलेली मुलं पहिल्या सत्रात राजकीय इतिहासात पुढे असायची. त्यांना मौर्य, शुंग, कुषाण पाठ होते. पुराभिलेखाच्या, म्हणजे जुने कोरीव लेख वाचण्याच्या, तासाला मात्र सगळे एकाच रांगेत आले. त्या लेखांची जुनी लिपी, ब्राह्मी, कुणालाच येत नव्हती.

ब्राह्मीला घाबरू नका. जेम्स प्रिन्सेपने १८३७ मध्ये ती उलगडून ठेवली आहे, आपल्याला फक्त गिरवायची आहे. अधिकच्या चिन्हासारखा ‘क’, गोल ‘ठ’, उभी रेघ म्हणजे ‘र’. रोज पानभर लिहिलं की अक्षरं डोळ्यांत बसतात. खरी अडचण त्यानंतर सुरू होते. अक्षरं लागतात, पण काय लिहिलंय ते कळत नाही. माझं संस्कृत दहावीपर्यंतचं, म्हणजे गुण मिळवून देणारं. विभक्ती पाठ होत्या, पण वाक्य समोर आलं की कर्ता शोधत बसायचे. म्हणून पहिलं वर्ष इतिहासापेक्षा जास्त संस्कृतच्या व्याकरणावर गेलं आणि ते गेलं हेच बरं झालं. हा पाया टाळून कुणी शिलालेखांचा अभ्यास करायचं म्हणत असेल तर मी स्पष्ट सांगते, करू नका. मग आयुष्यभर दुसऱ्याच्या भाषांतरावर विसंबून राहावं लागतं.

प्राकृत त्यामानाने पटकन आपलंसं झालं. द्विवचन नाही, चतुर्थीचं बरंचसं काम षष्ठीच करते. प्राकृतचा जुना व्याकरणकार वररुची याचं एक सूत्र आमच्या मॅडम प्रत्येक तासाला म्हणून घ्यायच्या : ‘कगचजतदपयवां प्रायो लोपः’. दोन स्वरांमध्ये आलेली ही व्यंजनं बहुधा गळतात. महाराष्ट्री प्राकृतातली गाथा वाचायची तर हे सूत्र हवंच. गाथासप्तशती या प्राकृत कवितांच्या प्राचीन संग्रहात गोदावरीकाठची एक प्रसिद्ध गाथा आहे, ‘भम धम्मिअ वीसत्थो’. एक स्त्री एका धार्मिक माणसाला सांगते की बाबा, आता खुशाल फिर, तुला त्रास देणारं ते कुत्रं गोदेकाठच्या जाळीतल्या सिंहाने मारलं. त्याने तिथे फिरकू नये हाच तिचा हेतू आहे आणि तो शब्दांत कुठेही नाही. काव्यशास्त्रकार आनंदवर्धनाने नवव्या शतकात ‘ध्वनी’ म्हणजे सुचवलेला अर्थ समजावताना हीच गाथा उदाहरणाला घेतली. पंचवटीत वाढलेल्या मुलीला ही गाथा वर्गात पहिल्यांदा कळली तेव्हा काय वाटलं, ते मला नीट सांगता येणार नाही. त्या दिवशी मी ती वहीत पुन्हा पुन्हा लिहिली.

इथे एक सांगते. प्राकृतच्या बहुतेक आवृत्त्यांत मूळ ओळीखाली तिची संस्कृत छाया दिलेली असते. सुरुवातीला सगळे छायाच वाचतात, कारण ती ओळखीची असते. ती झाकून ठेवा. आधी प्राकृतशी झटा, अडलं तरच खाली बघा. छायेवरून शिकलेलं प्राकृत लेण्यात गेल्यावर उपयोगी पडत नाही, कारण शिलालेखाखाली छाया नसते.

शिवाय लेण्यातलं प्राकृत पुस्तकातल्यासारखं नसतं. कोरणारे जोडाक्षरातलं द्वित्व लिहीत नाहीत, म्हणून ‘सिद्धं’चं ‘सिधं’ होतं आणि ‘पुत्तस्स’चं ‘पुतस’. गाथांमध्ये गळणारा ‘त’ इथे मात्र ‘गोतमि’मध्ये ठामपणे उभा असतो. वररुची पाठ करून मी पहिल्यांदा नाशिकजवळच्या पांडवलेणी या बौद्ध लेण्यांतला लेख वाचायला गेले तेव्हा गोंधळून गेले होते. दरबारी लेखांची प्राकृत आणि घोटून घोटून घडवलेली काव्याची प्राकृत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तिथे उभं राहिल्यावर समजलं.

पांडवलेणी आपण सगळ्यांनीच पाहिलेली असते. शाळेची सहल, पावसाळ्यात चढून जाणं, खाली फाळके स्मारक. लेख वाचायला जाणं वेगळं. बॅटरी भिंतीला समांतर धरावी लागते, म्हणजे कोरलेल्या रेघेत सावली पडून अक्षर उठून दिसतं. समोरून उजेड टाकला तर सगळी भिंत सपाट दिसते. भिंतीला हात लावायचा नाही, खडू लावायचा नाही, पाणी मारायचं नाही. लेखांचे छापील ठसे, म्हणजे कागदावर उमटवून घेतलेल्या प्रती, सोबत न्यायचे. नाशिकचे लेख सेनारने ‘एपिग्राफिया इंडिका’च्या आठव्या खंडात ठशांसह छापले आहेत, मराठीत मिराशींचं सातवाहन आणि पश्चिमी क्षत्रपांच्या कोरीव लेखांवरचं पुस्तक आहे. ते दोन्ही समोर ठेवून भिंतीवरची एकेक ओळ लावायची.

माझ्या अभ्यासाला खरं वळण मिळालं ते दहा नंबरच्या लेण्यात. क्षहरात घराण्यातला राजा नहपान क्षत्रप याचा जावई उषवदात याने ते कोरवलं. व्हरांड्यातला त्याचा मोठा लेख संस्कृतमध्ये सुरू होतो. तीन लाख गाई दिल्या; भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक इथे धर्मशाळा बांधल्या; इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा, दाहनुका या नद्यांवर फुकट नावा ठेवल्या. सगळं तृतीयपुरुषी. आणि मध्येच तो ‘गतोस्मि’ म्हणतो, मी गेलो. मालय लोकांनी वेढलेल्या उत्तमभाद्र लोकांना सोडवायला मी पावसाळ्यात गेलो. भाषाही तिथे प्राकृताकडे झुकते. भाषांतरात हे दिसत नाही, कारण भाषांतर सगळं एकसारखं करून टाकतं. मूळ वाचताना मात्र मसुदा करणाऱ्याच्या आवाजातून एकदम उषवदाताचा आवाज बाहेर आल्यासारखं वाटतं.

त्याच लेण्यात त्याचा दुसरा लेख आहे, वर्ष ४२चा. त्याने लेण्यातल्या भिक्षूंसाठी ३,००० कहापण (तेव्हाची नाणी) गोवर्धनच्या श्रेणींकडे, म्हणजे कारागिरांच्या संघांकडे, ठेव म्हणून ठेवले. त्यातले २,००० विणकरांच्या एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा १ व्याजाने. उरलेले १,००० विणकरांच्याच दुसऱ्या श्रेणीकडे, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत करायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. पहिल्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्यात, राहणाऱ्या २० भिक्षूंना चीवरासाठी (वस्त्रासाठी) प्रत्येकी १२ कहापण.

मी तिथेच उभ्या उभ्या हिशेब मांडला. २,००० वर शेकडा १ म्हणजे महिन्याला २०, वर्षाला २४०. वीस भिक्षू, प्रत्येकी १२, बरोबर २४०. एक कहापण इकडचा तिकडे नाही. पुढे लिहिलंय की हे निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, वाचून दाखवलं आणि फळ्यावर नोंदवलं. मी पतसंस्थेत रोज हेच करत होते. मुदत, व्याजदर, नामनिर्देशन, नोंद. दोन हजार वर्षांच्या जवळपास जुना ठेवीचा दस्तऐवज माझ्या गावात दगडावर होता आणि तो वाचण्यासाठी माझं कॉमर्स उपयोगी पडत होतं. तेव्हाच प्रबंधिकेचा विषय ठरला : नाशिकच्या लेखांमधले आर्थिक व्यवहार. दुसऱ्या ठेवीचं व्याज ज्या कारणासाठी होतं त्या ‘कुशणमूल’ शब्दाच्या अर्थावर अजून एकमत नाही. मी सगळी मतं नोंदवली आणि प्रश्न तसाच मोकळा सोडला. मार्गदर्शक सरांना ते पटलं.

तीन नंबरच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे, वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या एकोणिसाव्या वर्षाचा. शाळेच्या पुस्तकात सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीबद्दल जे काही असतं, त्यातलं बरंचसं या लेखातून आलेलं आहे. ज्याच्या वाहनांनी तीन समुद्रांचं पाणी प्यालं, ज्याने क्षहरातांचा वंश निःशेष केला, असं त्याची आई आपल्या मुलाबद्दल लिहिते. भव्य लेख आहे. पण मला त्याच लेण्यातले दोन छोटे सरकारी हुकूम जास्त मोलाचे वाटतात. पहिला गौतमीपुत्राच्या अठराव्या वर्षाचा. विजयी छावणीतून गोवर्धनच्या विष्णुपालित अमात्याला तो कळवतो की पश्चिम ककखडी गावातलं, आजवर उषवदाताच्या ताब्यात असलेलं, २०० निवर्तनांचं (निवर्तन हे जमिनीचं जुनं माप) शेत या भिक्षूंना दे. जिंकलेल्या राजाने हरलेल्याच्या जावयाची जमीन त्याच डोंगरावरच्या भिक्षूंना दिली. दोन लेण्यांतले लेख असे एकमेकांना जोडले की सत्तांतर कसं होतं ते दिसतं. राजघराणं बदललं, भिक्षूंचं दान चालूच राहिलं.

दुसरा हुकूम चोविसाव्या वर्षाचा आहे. राजा आणि राजमाता सामक अमात्याला कळवतात की ककखडीचं शेत दिलं खरं, पण ‘त च खेत न कसते सो च गामो न वसति’. तेव्हा नगराच्या सीमेवरच्या आमच्या शेतातली १०० निवर्तनं द्यावी. मी ही ओळ घरी नानांना वाचून दाखवली. आमची थोडी शेती आहे दिंडोरीकडे. नाना म्हणाले, “शेत कोणी कसत नाही आणि गावात वस्ती नाही, असंच ना गं?” त्यांनी कधी प्राकृतचा तास केलेला नाही. मुलामुलींनी हा विषय शिकावा असं मला इतक्या आग्रहाने का वाटतं, त्याचं कारण त्या संध्याकाळी मिळालं.

नाण्यांसाठी अंजनेरीच्या नाणकशास्त्र संशोधन संस्थेचं ग्रंथालय उपयोगी पडलं. नहपानाच्या चांदीच्या नाण्यांवर ग्रीक, ब्राह्मी आणि खरोष्ठी अशा तीन लिप्या असतात. १९०६ मध्ये सिन्नर तालुक्यातल्या जोगलटेंभीला अशा १३,००० हून अधिक नाण्यांचा साठा सापडला आणि त्यातल्या ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप मारलेला होता. बलश्रीचा लेख जे सांगतो त्याला हा चांदीतला दुजोरा आहे. मुलाबद्दल आई लिहिते तेव्हा थोडं वाढवून लिहिणारच, असं मानणाऱ्या वर्गमित्राशी माझा या नाण्यांवरून बराच वाद झाला होता.

मौखिक परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी सरळ कळीचा प्रश्न विचारला : उषवदाताच्या लेखातलं ४२ हे वर्ष कुठल्या गणनेतलं? ते शक संवताचं धरलं तर इ.स. १२०च्या आसपास येतं. नहपानाची स्वतःची राज्यवर्षं धरली तर तो बराच आधीचा, पहिल्या शतकातला ठरतो. ‘पेरिप्लस’ या सागरी व्यापारावरच्या प्राचीन ग्रीक पुस्तकात भडोचच्या संदर्भात येणारा राजा नहपानच मानला तर दुसऱ्या मताला बळ मिळतं. मी दोन्ही बाजू मांडून माझा कल राज्यवर्षांकडे आहे असं सांगितलं. ग्रीक मूळ वाचता का, असं त्यांनी विचारलं. नाही म्हणाले. ते म्हणाले, मग पुढची भाषा ती. पुण्यात ग्रीक शिकवणारे मोजकेच आहेत, पण मी शोधून सुरुवात केली आहे.

आता ‘पुढे काय’. पगाराचं स्पष्ट सांगते, पतसंस्थेत जे मिळायचं ते पहिल्या काही वर्षांत मिळेल या भरवशावर येऊ नका. महाविद्यालयात शिकवायचं तर सेट किंवा नेट द्यावी लागते. इतिहासाबरोबर पुरातत्त्व, संस्कृत, पाली, प्राकृत हे नेटचे स्वतंत्र विषय आहेत, त्यामुळे भाषा पक्की असलेल्याला दोन वाटा मोकळ्या राहतात. पुरातत्त्व विभाग, संग्रहालयं, हस्तलिखितांच्या सूची, अशी कामं निघतात. कायम पदं कमी, प्रकल्पावरची जास्त. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीसोबत पाली आणि प्राकृतलाही अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्यामुळे चौकशी वाढली आहे. पदं वाढावीत यासाठी आपणच मागणी करत राहायला हवी. मी सध्या एका प्रकल्पावर सूचीचं काम करते, सेटची तयारी चालू आहे, आणि सवड मिळालेल्या रविवारी चार-पाच जणांना घेऊन लेण्यात वाचन करते. कुणाला यायचं असेल तर ब्राह्मीची मुळाक्षरं गिरवून या आणि सोबत एक चांगली बॅटरी आणा. सुरुवात आम्ही दहा नंबरच्या लेण्यातल्या त्या ठेवीच्या लेखापासून करतो.