तुम्ही विचारलंत म्हणून: सुताराचं नाव

जुन्या नाशकातला एक वाडा मोजून कागदावर उतरवतोय म्हटलं की हमखास विचारलं जातं, "बांधला कोणी? सुताराचं नाव मिळालं का?"

नाही मिळालं. प्रॉपर्टी कार्डावर मालक आहेत, वारस आहेत. मोडीतल्या खरेदीखतात चतुःसीमा आणि साक्षीदार आहेत. तुळया चढवणारा कुठेच नाही. काळाराम मंदिर म्हटलं की ते बांधवून घेणारे सरदार ओढेकर आठवतात, तिथल्या पाथरवटाचं नाव तरी कोण सांगतं?

पण माणूस भेटला. खांबाच्या डोक्यावर छिन्नीच्या तीन रेघा, वर बसलेल्या तुळईवरही तीन. पुढच्या जोडीला चार. सगळं लाकूड खाली जमिनीवर तासायचं, कूस (पुढे काढलेलं टोक) साळीत (त्यासाठी कोरलेल्या खाचेत) बसते का ते पाहायचं, खुणा करायच्या, सुटं करायचं आणि मग वर चढवायचं. एका खांबावर पाच रेघा आहेत, त्यातली एक खोडलेली. म्हणजे हे महाशयही मोजताना चुकायचे! तेव्हापासून मला ते जास्त आवडायला लागले.

वाडा खणांत मोजतात, खण म्हणजे दोन तुळयांमधलं अंतर. इथला तिसरा खण वीतभर आखूड निघाला. मी टेप चुकली समजून नकाशात तो सरळ करून टाकला. डागडुजीला येणारे सुतारकाका नकाशा बघून हसले. "लाकूडच तेवढं असेल हो. सागवान काय वाया घालवायचं?" नकाशा परत काढला.

वयाबद्दल मात्र सांभाळून बोलतो. मंगलोरी कौलं निघायला लागली 1865 मध्ये. पण छप्पर नंतरही बदललेलं असू शकतं, त्यामुळे कौलांवरून वाड्याची पत्रिका मांडू नये. जास्त सांगतो तो सांगाडा. भार लाकडावर, माती-विटांची भिंत नुसती मध्ये भरलेली. कौल फुटलं की भिंत पाणी पिते आणि तुळईचं भिंतीत गेलेलं टोक आधी कुजतं. वरून खणखणीत दिसणारी तुळई तिथे भुसा झालेली असते.

आता वाडा पाडायचं ठरलंय. जुन्या लाकडाचा व्यापारी खांब बघून गेला. म्हणून मी रेघांवर कागद धरून पेन्सिल घासतो, ठसे घेतो. एकाच खांबाचा राहिलाय. त्याच्यापुढे भाडेकरूंचं गोदरेजचं कपाट आहे, आणि खोलीची किल्ली घेऊन ते लेकीकडे पुण्याला गेलेत.