रुंदावलेला भांग आणि चोपन्न हजारांचं पॅकेज

ज्या हेअर क्लिनिकमध्ये मी चोपन्न हजारांच्या पॅकेजवर सही केली, त्यांचा 'फ्री हेअर चेकअप'चा मेसेज अजूनही आला की माझा दिवस खराब जातो. नंबर ब्लॉक केला की दुसऱ्या नंबरवरून येतो. म्हणून एकदा सगळं लिहून काढतेय. बाळंतपणानंतर केस गेले आणि परत आलेच नाहीत, अशा पाच-सहा जणी माझ्या ओळखीतच आहेत, आणि त्यातल्या दोघी अशाच ठिकाणी पैसे भरून बसल्या आहेत.

माझं दुसरं बाळंतपण ऑक्टोबर २०२०चं. जानेवारीत केस गळायला लागले. न्हायल्यावर मोरीच्या जाळीवर पुंजका, उशीवर केस, बाळाच्या मुठीत केस. थोरलीच्या वेळीही असंच झालं होतं, त्यामुळे घाबरले नाही. सासूबाई म्हणाल्या, "बाळ ओळखायला लागलं की आईचे केस जातातच, येतील परत." पहिल्या खेपेला आलेही होते. त्या चुकीचं सांगत नव्हत्या. गरोदरपणात इस्ट्रोजेन हे हार्मोन वाढलेलं असतं, त्यामुळे एरवी गळून जायचे तेही केस डोक्यावर टिकून राहतात. बाळंतपणानंतर ते उतरलं की दोन-चार महिन्यांनी सगळे एकदम सुटतात. वर्षभरात बहुतेकींचे केस पूर्ववत होतात. मी अळिवाचे लाडू खाल्ले, माक्याचं तेल लावलं आणि वाट पाहिली.

वर्ष गेलं, दीड वर्ष गेलं. पुंजके कमी झाले, पण केस भरले नाहीत. वेणी करंगळीएवढी राहिली. एकदा डोंबिवली लोकलमध्ये मला चौथी सीट मिळाली होती. समोर उभी असलेली आमच्या ग्रुपमधली मैत्रीण वरून बघत म्हणाली, "अगं, तुझ्या भांगात काय लागलंय? पांढरं दिसतंय." हात लावून पाहिलं. काही लागलं नव्हतं, ती डोक्याची कातडी दिसत होती. त्या दिवसापासून ऑफिसला ओढणी डोक्यावरून घ्यायला लागले.

या काळात मी तीन डॉक्टरांना सांगितलं. बाळंतपण केलेल्या डॉक्टरांना, फॅमिली डॉक्टरांना आणि मुलाच्या लसीकरणाला गेले तेव्हा तिथल्या डॉक्टरांनाही. सगळ्यांचं उत्तर एकच, बाळंतपणानंतर होतं, व्हिटॅमिन घ्या, ताण घेऊ नका. मला एवढंच म्हणायचं आहे की या अडीच वर्षांत एकानेही मला केस सोडायला सांगितले नाहीत. डोकं कुणी बघितलंच नाही. मी ते आधी कुणाला तरी दाखवलं असतं तर पुढचं काही घडलं नसतं.

मधल्या काळात औषधाच्या दुकानातून केसांसाठीच्या बायोटिनच्या गोळ्या आणल्या होत्या, चघळायच्या, गोड. त्याबद्दल पुढे सांगते, कारण त्यांनी भलताच घोटाळा केला.

फेब्रुवारी २०२३मध्ये मी त्या क्लिनिकमध्ये गेले. शनिवार होता. काचेचा दरवाजा, गार एसी, पांढरा कोट घातलेली एक मुलगी. मला वाटलं डॉक्टर आहे. तिने माझ्या भांगावर पेनसारखा कॅमेरा टेकवला आणि समोरच्या टीव्हीवर माझं डोकं दिसायला लागलं. टीव्हीएवढं मोठं करून दाखवलं की कुणाचंही डोकं उजाड शेतासारखं दिसेल. पण तेव्हा मला ते सुचलं नाही, मला रडू आलं. तिने टिश्यू पुढे केला आणि म्हणाली, "मॅडम, वय फक्त चौतीस आहे. आता सुरू केलं नाही तर मुळं कायमची बंद होतील."

मग दुसरी केबिन, तिथे काउन्सेलर. पीआरपीची नऊ सेशन्स, म्हणजे आपलंच रक्त काढून त्यातला प्लेटलेट्सचा भाग डोक्यात टोचायचा, शिवाय तेल, शाम्पू, गोळ्या. बहात्तर हजार. आज सही केली तर चोपन्न. बिनव्याजी ईएमआय, साडेचार हजार महिना, बारा महिने. मी म्हटलं घरी विचारते. ती म्हणाली, ऑफर आज रात्री आठपर्यंतच आहे. नवऱ्याला फोन लावला तर तो मीटिंगमध्ये. माझ्या मोबाईलवर एक ओटीपी आला, मी सांगितला. दुसरा आला, तोही सांगितला. दहा मिनिटांत एका फायनान्स कंपनीचं चोपन्न हजारांचं कर्ज माझ्या नावावर झालं होतं आणि पाचशे नव्वद रुपये प्रोसेसिंग फी म्हणून कापले गेले होते.

हे नीट समजून घ्या, कारण मला ते फार उशिरा समजलं. 'ईएमआय' म्हणजे आपण क्लिनिकला हप्त्याने पैसे देतो असं नसतं. क्लिनिकला तिसरीच कंपनी रक्कम देऊन मोकळी होते, आणि आपण त्या कंपनीचे कर्जदार होतो. सेशन झालं काय, न झालं काय, हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला खात्यातून जातो. थांबवला तर सिबिल स्कोअर, म्हणजे कर्जफेडीची पत दाखवणारा आकडा, आपला खराब होतो.

मार्चमध्ये एक सेशन झालं. डॉक्टर म्हणून जे आले ते पाच मिनिटं होते. पाळी नियमित आहे का, थायरॉईड आहे का, घरात कुणाचे केस विरळ आहेत का, काहीही विचारलं नाही. रक्त काढलं ते टोचण्यासाठी, तपासण्यासाठी नाही. मी त्यांचा नोंदणी क्रमांक विचारला तर रिसेप्शनवर सांगितलं, "हेड ऑफिसला मेल करा." तिथे माझ्या मनात पाल चुकचुकली. डॉक्टरचा महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर छापलेला असतो, तो विचारण्यात लाजण्यासारखं काही नाही. तुम्ही पहिल्याच दिवशी विचारा.

एप्रिलमध्ये नणंदेने तिच्या माहितीतल्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे नेलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, पुढचं सेशन थांबवा, आधी निदान होऊ दे. मी दुसऱ्याच दिवशी क्लिनिकला पॅकेज रद्द करायला सांगितलं.

तिथून तीन महिने गेले. पहिल्या खेपेला काउन्सेलर नव्हती, नोकरी सोडून गेली होती. दुसऱ्या खेपेला नवी काउन्सेलर म्हणाली, "मॅडम, पॅकेज नॉन-रिफंडेबल आहे, तुम्ही सही केलीय." सही टॅबवर बोटाने केलेली, त्याची प्रत मला कधी मिळाली नव्हती. तिसऱ्या खेपेला रिफंड फॉर्म मागितला, तर तो हेड ऑफिसहून येतो. हेड ऑफिसला फोन केला, तर फॉर्म शाखेतच मिळतो. मॅनेजर मंगळवारी भेटतील म्हणून मंगळवारी हाफ डे टाकून ठाण्याला उतरले, तर ते सुट्टीवर. सोबत अडीच वर्षांचा मुलगा, त्याला पाळणाघरातून उचलून नेलं होतं. पाऊण तास सोफ्यावर बसले. समोर माझ्यासारखीच एक मुलगी त्या टीव्हीकडे बघून डोळे पुसत होती. मला उठून तिला सांगायचं होतं. सांगितलं नाही, ते अजून खुपतं.

मे महिन्याचा हप्ता गेला. जूनचा गेला. शेवटी क्लिनिकवाले म्हणाले, रद्द करता येईल, पण झालेल्या सेशनचे सहा हजार आणि वर वीस टक्के, म्हणजे दहा हजार आठशे, 'कॅन्सलेशन' म्हणून कापू. कुठे लिहिलंय ते दाखवा म्हटलं. दाखवलं नाही.

मग ऑफिसमधल्या एका सरांनी सांगितलं, १९१५ लाव. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, फोन फुकट लागतो, मराठीतही बोलतात. त्यांनी बिल, हप्त्यांच्या नोंदी आणि मी काय मागितलं, कधी मागितलं ते विचारलं. इथे मी कमी पडले, कारण माझं सगळं तोंडी झालं होतं. त्याच रात्री बसून तारीखवार एक मेल क्लिनिकला लिहिला: अमुक दिवशी आले, अमुक व्यक्ती भेटली, अमुक उत्तर मिळालं, पंधरा दिवसांत पैसे परत आणि कर्ज बंद न केल्यास जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला तिथे फी लागत नाही, आणि २०१९च्या कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, हेही लिहिलं. तो मेल हेल्पलाइनवरच्या तक्रारीला जोडला.

अठरा दिवसांनी क्लिनिकचाच फोन आला. आवाज इतका गोड की मी नंबर पुन्हा तपासला. चार हप्त्यांचे अठरा हजार गेले होते, त्यातून सेशनचे सहा कापून बारा हजार परत आले आणि कर्ज बंद झालं. ते दहा हजार आठशे मी दिले नाहीत, याचा मला अभिमान आहे. पाचशे नव्वद गेले ते गेलेच. आणि हो, कर्ज बंद झाल्याचं एनओसी, म्हणजे ना-हरकत पत्र फायनान्स कंपनीकडून लेखी घ्या, दोन महिन्यांनी सिबिलमध्येही बघा. माझं तिथे अजून चालूच दाखवत होतं.

आता त्या डॉक्टर बाईंबद्दल. त्यांनी पहिल्यांदा केस सोडायला लावले. कंगव्याने टाळूवर भांग पाडला, मग डोक्याच्या मागच्या बाजूला पाडला, आणि दोन्हींचे फोटो मला शेजारी शेजारी दाखवले. मागे रेघ, टाळूवर पट्टा. कपाळाची कड जागच्या जागी होती. भिंगातून दाखवलं की जाड केसांच्या मध्येमध्ये लोकरीसारखे बारीक केस आहेत. म्हणाल्या, बाळंतपणानंतरची गळती ओसरली तेव्हा आधीपासून हळूहळू चाललेलं दुसरंच दुखणं उघडं पडलं, बायकांमध्ये टाळूवरचे केस विरळ होत जाण्याचं, बरेचदा घराण्यातून येणारं (फीमेल पॅटर्न हेअर लॉस). यात केसाचं मूळ मरत नाही, दर खेपेला आधीपेक्षा बारीक केस देतं. ही चाई नव्हे, चाईत गोल चकत्या पडतात.

"आईचे केस कसे आहेत?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, छान, मोठा अंबाडा असतो. बाहेर पडल्यावर सांगलीला आईला फोन लावला. ती जरा गप्प राहिली आणि म्हणाली, "अगं, गंगावन आहे ते. तू चौथीत होतीस तेव्हापासून." इतकी वर्षं तिने घरातही कुणाला कळू दिलं नव्हतं.

रक्ताच्या तपासणीत फेरिटिन ११ आलं, म्हणजे लोहाचा साठा जवळपास संपलेला. हिमोग्लोबिन मात्र बरं होतं, म्हणून फक्त तेवढंच बघून समाधान मानू नका. थायरॉईडची तपासणी, टीएसएच, ०.२ आला, म्हणजे फारच कमी. मी घाबरले, पण डॉक्टरांनी आधी विचारलं, "केसांच्या गोळ्या काही घेता का?" बायोटिनच्या मोठ्या डोसने थायरॉईडच्या रिपोर्टचे आकडे चुकतात. आठवडाभर बंद करून पुन्हा तपासलं तर २.८. थायरॉईडला काहीच झालं नव्हतं. नीट खाणाऱ्या बाईला बायोटिनने केस येतात याला भक्कम पुरावा नाही, असंही त्यांनी सांगितलं. तो डबा मी फेकला.

लोहाच्या गोळ्या लिंबूपाण्याबरोबर, चहापासून लांब. आणि रात्री मिनॉक्सिडिल, म्हणजे केस वाढण्यासाठी डोक्याला लावायचं औषध, ५ टक्के, एक मिली, कोरड्या टाळूवर, केसांना नव्हे कातडीला. झोपायच्या दोन तास आधी, नाहीतर उशीवरून चेहऱ्याला लागतं. मला कानशिलांवर जरा लव आली, ती याचमुळे. अंगावर पाजत असाल किंवा पुन्हा दिवस राहण्याचा विचार असेल तर हे डॉक्टरांना आधी सांगा, त्या काळात हे लावत नाहीत. घरात मांजर असेल तर बाटली आणि लावलेलं डोकं दोन्हींपासून तिला लांब ठेवा, मांजरांना हे विषारी आहे.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात केस आणखी गळायला लागले. मी बाटली बंदच करणार होते. मग चिठ्ठी काढून पाहिली, तर डॉक्टरांनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, 'सुरुवातीला गळणं वाढेल, थांबू नका'. जुने केस नव्यांना जागा करून देतात. पाचव्या महिन्यात भांगाच्या कडेला बोटाच्या पेराएवढे केस उभे राहिले, तेल लावूनही बसेनात. माझी वेणी पूर्वीसारखी झालेली नाही आणि होणारही नाही, भांगाची रुंदी मात्र अर्ध्यावर आली आहे. औषध सोडलं तर मिळालेलं काही महिन्यांत जातं, हे मान्य करायला मला वेळ लागला. दर एक तारखेला त्याच खिडकीत, त्याच वेळी फोटो काढते. रोज आरशात बघणं बंद केलं, कारण रोजच्या बघण्यात काहीच कळत नाही. ओढणी आता खांद्यावर असते.

आई एकसष्टची आहे. गेल्या महिन्यात तिने हळूच विचारलं की या वयात त्या औषधाचा काही उपयोग होतो का. पुढच्या शनिवारी तिला त्याच डॉक्टरांकडे नेतेय. गंगावन न लावता यायचं, एवढं सांगून ठेवलंय.