स्लॉट मोजके, पोरं भरपूर

ठाण्यात एका ट्रस्टचं सेंटर आहे, फी परवडते म्हणून आम्ही कळव्याहून चिऊला तिथे फिजिओला नेतो. मध्यंतरी तिथे नवीन नियम आला, ज्या मुलांमध्ये सहा महिन्यांत प्रोग्रेस दिसली नाही त्यांना आठवड्यातून दोनदाऐवजी महिन्यातून एकदाच बोलवायचं आणि सुटलेले स्लॉट वेटिंगवरच्या बाळांना द्यायचे. चिऊ अकरा वर्षांची, सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतल्या इजेमुळे हालचालीवर ताबा नाही. हालचाल किती जमते ते मोजणाऱ्या जीएमएफसीएस पट्टीवर एक सगळ्यात सौम्य आणि पाच सगळ्यात गंभीर, चिऊ लेव्हल पाच, म्हणजे मान धरून ठेवणंसुद्धा कष्टाचं. तिचं नाव यादीत अगदी वर होतं हे सांगायला नकोच.

सेंटरला शिव्या घालायला बसलो नाहीये बरं का. थेरपिस्ट मोजून दोन, आणि वेटिंग लिस्ट मारुतीच्या शेपटासारखी. सेंटरच्या मॅडम म्हणाल्या, "चिऊचे पप्पा, तुम्हीच सांगा, दीड वर्षाच्या बाळाच्या आईला मी नाही कसं म्हणू?" आणि खरंच, काय म्हणणार त्यावर. बाळांना आधी घ्या हे मला मान्यच आहे. कॅनडातल्या संशोधकांनी २००२ मध्ये सहाशेच्या वर मुलांचे आलेख मांडले होते, त्यात दिसतं की लेव्हल पाचची मुलं हालचालीची जेवढी मजल गाठणार असतात त्यातली ९० टक्के साधारण पावणेतीन वर्षांपर्यंतच गाठतात, लेव्हल एकवाली पाचच्या आसपास. लवकर सुरू करा असं सगळे डॉक्टर कानीकपाळी ओरडतात ते काही उगाच नाही.

पण मग हाच आलेख चिऊच्या बाजूने पण वाचा ना. अकरा वर्षांच्या लेव्हल पाचच्या मुलीत फॉर्मवरची ती प्रोग्रेस दिसणारच नव्हती, हे नियम करणाऱ्यांना आधीपासून माहीत होतं. मग तिला तपासलं कशाला, सरळ म्हणायचं की मोठी आणि जास्त अपंग मुलं बाहेर.

थेरपी तिच्यासाठी काय करते ते सांगतो. मेंदूतली इजा वाढत नाही, पण मूल वाढतं, हाडं लांब होतात आणि ताठरलेले स्नायू त्या वेगाने लांबत नाहीत. मांड्या आतल्या बाजूला आवळत जातात. लेव्हल पाचच्या मुलांत दहातल्या नऊ जणांचा खुबा कमी-जास्त सरकतो. थेरपीने ते थांबतंच असं मी म्हणत नाही, पण जाणकार हात नियमित लागला की टाईटनेस वाढतोय का, एक्सरे काढायला हवा का, हातपाय सरळ ठेवणारं स्प्लिंट लहान झालं का हे वेळेत कळतं. मागे दिवाळीत सेंटर बरेच दिवस बंद होतं आणि घरी आम्ही आपले जमेल तसं स्ट्रेचिंग करत होतो, तर शेवटी शेवटी डायपर बदलायला दोघं लागायचो, बायको एक मांडी धरून हळूहळू बाहेर घ्यायची, मी खालून डायपर सरकवायचो आणि चिऊ कण्हायची. सेंटर सुरू झाल्यावर परत एकट्याला जमायला लागलं. आता हे फॉर्मवर कुठल्या रकान्यात लिहायचं?

अमेरिकेत याच गोष्टीवर कोर्टात केस झाली होती. तिथल्या मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्याच्या लाभार्थ्यांना 'सुधारणा होत नाही' म्हणून थेरपी नाकारायचे. व्हरमाँटच्या ग्लेंडा जिमो, दृष्टी नाही, एक पाय कापलेला, त्या आणि इतर लोक कोर्टात गेले आणि २०१३ मध्ये तडजोड मंजूर झाली, त्यात सरकारने मानलं की आहे ती अवस्था टिकवायला किंवा बिघडणं लांबवायला तज्ज्ञाची गरज असेल तर तेवढं पुरे, सुधारलंच पाहिजे अशी अट नाही.

आरोग्यावरचा पैसा कुठे घालायचा हे ठरवायला काही देशांत असाच एक मोठा हिशेब वापरतात, त्याला क्वाली म्हणतात. ठणठणीत एक वर्ष म्हणजे १, अडचणीतलं वर्ष त्याहून कमी. समजा चिऊचं वर्ष ०.३ धरलं, तर दहा वर्षं जगवली तरी वहीत तीनच पडणार, आणि तेवढ्याच खर्चात धडधाकट पोरगं जगलं तर दहा. हे आकडे बऱ्याचदा सर्वसामान्य लोकांना 'असं जगावं लागलं तर' अशी कल्पना करायला लावून काढतात. कुकरची शिट्टी झाली की चिऊ खदखदून हसते, पुढच्या शिट्टीसाठी डोळे मोठे करून बसते, ते त्या लोकांना कुठून सुचणार. तोकडा पैसा कुठे घालायचा याला काहीतरी हिशेब लागतो हे कळतं मला, पण अपंगत्वाचे मार्क आधीच कापून ठेवायचे हा कुठला न्याय?

ओरड केली की बदलतं पण. मार्च २०२० मध्ये ब्रिटनमध्ये उपचारांच्या मार्गदर्शक सूचना काढणाऱ्या नाइस संस्थेने कोविडच्या अतिदक्षता उपचारांसाठी रोजच्या कामात मदत किती लागते हे बघणारी मोजपट्टी सुचवली, अपंगांच्या संघटनांनी आवाज उठवला आणि काही दिवसांतच सुधारणा आली की ६५ च्या आतल्यांना, कायमचं स्थिर अपंगत्व असलेल्यांना, ऑटिझमवाल्यांना ती लावू नका.

आपल्याकडे २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात कलम २५ आहे, उपचारात प्राधान्य द्या म्हणतं. छान आहे. पण जिथे रांगेतलं प्रत्येक मूल अपंगच आहे तिथे कोणाच्या पुढे प्राधान्य?

मी ट्रस्टला अर्ज केला, त्यात लिहिलं की किती सुधारलं हे न बघता, थेरपी नाही मिळाली तर किती बिघडेल ते बघा. निम्मे स्लॉट बाळांना राखून ठेवा, उरलेले आळीपाळीने, आणि बरोबरीचे दोघं असतील तर चिठ्ठ्या टाका, पण नगरसेवकाच्या फोनवर मधे घुसवणं बंद करा. सेंटरच्या बाकावर हे वाचून दाखवलं तर दिवा स्टेशनहून मुलाला घेऊन येणारी एक ताई म्हणाली, "भाऊ, मला महिन्यातून एकदाच बरंय, पण नीट दोन तास द्या आणि घरी काय करायचं ते शिकवा. पोराला काखेत घेऊन लोकलमध्ये चढून बघा एकदा." मुलगा नऊ वर्षांचा आहे तिचा. हे माझ्या डोक्यातच नव्हतं, मग तिचा मुद्दा तिच्याच शब्दांत खाली जोडला.

सध्या चिऊला पंधरा दिवसांनी एक सोमवार मिळालाय. बाकीचं ट्रस्टींच्या मीटिंगमध्ये ठरणार म्हणे. त्या मीटिंगला पालकांपैकी कोणाला बोलवणार का असं विचारलं तर ऑफिसमधून उत्तर आलं, बघू.